मुद्देमाल क्रमांक चौदा

वेल्गा स्कुयिन्या हातमोजे चढवते,
आउस्माबाईंचा फोन चंदेरी पिशवीत सरकवते
आणि तोंड दुमडते. एकदा, दोनदा, तीनदा.
आता त्याला कुणाचीच हाक ऐकू येणार नाही.
बाहेर लिएपायाच्या बंदरावर वारा इतका पिसाळलाय
की ट्रामच्या तारा शिट्ट्या घालतायत.
पिशवीत मात्र विहिरीच्या तळाची सामसूम.

फोन आता सोवळ्यात.
त्याला शिवायचं नाही, त्यात काही लिहायचं नाही,
चुकूनसुद्धा एखादा फोटो उघडायचा नाही;
उघडल्याची वेळही तो टिपून ठेवतो
चहाडखोर पोरासारखा.
मध्ये एक काळी डबी जोडायची,
तिच्यातून फक्त वाचता येतं.
मग प्रत, मग प्रतीची प्रत,
आणि अंगठ्याचा ठसा म्हणून
चौसष्ट अक्षरांची एक ओळ.
एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला
तरी ही ओळ ओळख देत नाही.

गातिस नवा आहे. तो नोंदीत लिहितो:
संदेश रात्री दोन वाजता आला.
"कुणाचे दोन?" वेल्गा विचारते.
कान आणि डोळे यांच्यात चार बोटांचं अंतर,
इथे दोन तासांचं.
ग्रीनिचचे दोन म्हणजे आउस्माबाईंचे पहाटेचे चार.
बाई जाग्या होत्या.

अकरा हजार चारशे युरो,
ट्रामची तिकिटं फाडण्यात गेलेल्या एकतीस वर्षांतून उरलेले,
हेन्रिक नावाच्या माणसाला.
तेलाच्या जहाजावरचा इंजिनियर, विधुर,
गुडघा दुखरा, लेक दूर.
वेल्गा दोन हजार सहाशे संदेश वाचते.
तिला आधी दिसतात टिंबं.
सकाळचा हेन्रिक वाक्य संपलं की टिंब देत नाही.
दुपारचा तीन-तीन देतो आणि पैशाचं काढतो.
रात्रीचा नीट लिहितो,
विचारतो, आज सूप केलंत का, खिडकी लावलीत का.

तीन पाळ्या, तीन माणसं, एक जहाज.
जहाज निघतं येल्गावात, चौथ्या मजल्यावर,
वाणसामानाच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत.
सापडतात सतरा फोन, एक किटली,
आणि भिंतीला चिकटवलेला कागद:
गुडघा डावा. विसरू नका.

जबाबाच्या दिवशी आउस्माबाई डोक्याचा रुमाल सोडत नाहीत.
तीन माणसं होती, हे वेल्गा हळू सांगते,
जखमेवरची पट्टी सोडवावी तसं.
बाई बराच वेळ टेबलाच्या कडेकडे बघतात.
"मला वाटलंच होतं," म्हणतात,
"दुपारचा जरा उद्धटच होता."
मग विचारतात,
रात्रीचा कोण होता?
वय काय त्याचं?

वेल्गा वय सांगत नाही. एकोणीस.

आठ महिन्यांनी निकाल लागतो, फोन परत मिळतो.
पैशांतले नऊशे सापडले. बाकीचे
पाण्यावरच्या रेघेसारखे.
आउस्माबाई सही करतात, पेन ठेवतात, ठेवतच नाहीत.
"यातलं तुम्ही पुसलं तर नाही ना काही?"
वेल्गा चौसष्ट अक्षरं जुळवून बघते,
खरं तर बघायची गरज नव्हती.
"जसंच्या तसं आहे," ती म्हणते.
"रात्रीचंसुद्धा?"
"रात्रीचंसुद्धा."
शेऱ्याच्या रकान्यात काय भरू, गातिस डोळ्यांनी विचारतो.
ती कागद उलटा करते.

ट्रामच्या थांब्यावर बाई फोन चालू करतात
आणि तो हातात कुडकुडायला लागतो:
दातांच्या दवाखान्याची आठवण, विजेचं बिल,
बहिणीच्या चौदा हाका, पुन्हा विजेचं बिल,
वाचनालयाचं एक पुस्तक, उशीर झालेलं.
आठ महिने एकदम येऊन आदळतात.
एक ट्राम जाते, त्या चढत नाहीत.
थरथर थांबेपर्यंत तशाच उभ्या राहतात,
मग यादी वरपासून खालपर्यंत
दोनदा बघतात.